स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या त्या आजींना, थँक्यू राहिलंच होतं

आजी,

तुम्हाला मराठी येत नाही आणि मला स्पॅनिशमधलं ग्रासिआस सोडून काही येत नाही, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचणार नाहीये, पण तरी लिहितेच.

मार्च अखेरची दुपार, तीन वाजलेले, हुदेरियात म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये आम्ही मायलेकी पार हरवलेलो, फोन डेड, दुकानं बंद (मला वाटायचं दुपारची झोप ही फक्त आम्हा पुणेकरांची मक्तेदारी) आणि आईचा गुडघा बोलायला लागलेला. सकाळी मेस्किता, म्हणजे जुनी मशीद जी आता कॅथेड्रल आहे, ती बघून, ते साडेआठशेच्या वर खांब आणि लाल-पांढऱ्या कमानी, आधीच दमलो होतो.

तेवढ्यात तुमच्या दारातून पाण्याचा आवाज आला आणि आईने सरळ आत डोकावलं. तुम्ही लांबलचक काठीला पत्र्याचा डबा बांधून भिंतीवर पार वर टांगलेल्या कुंड्यांना पाणी घालत होतात, खाली थेंब नाही. आई म्हणाली, अगं हा तर आपल्या वाड्याचा चौक! तुम्हाला काय कळलं देव जाणे, पण खुर्ची पुढे केलीत, पाणी दिलंत. मग झाडाकडे बोट दाखवून म्हणालात, नारांखा. आई उडालीच, नारिंग! (आपलाच शब्द, फारसी-अरबी करत तिकडे पोचलेला.) मी एक तोडायला गेले तर तुम्ही असं तोंड वाकडं केलंत की कळलंच, कडू.

आणि कहर म्हणजे घराला कुलूप लावून आमच्यासोबत निघालात, तेही आईच्या स्पीडने. आधी नेलंत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात. एवढीशी खोली, १३१५ची, भिंतीवर नक्षी आणि हिब्रू अक्षरं. १४९२ला ज्यूंना देशाबाहेर काढलं, मग तिथे हॉस्पिटल झालं, नंतर ती बूट बनवणाऱ्यांच्या संघाकडे गेली, आणि गिलाव्याखाली झाकलेली नक्षी १८८४मध्ये परत दिसली. हे सगळं मी नंतर वाचलं, तुम्ही फक्त हाताने गिलावा धाडकन पडल्याची ॲक्शन केली होतीत.

पुढच्या चौकात मायमोनिडीस या जुन्या ज्यू विद्वानाचा पुतळा. तुम्ही त्याच्या चकचकीत झालेल्या पायाला हात लावायला सांगितलंत. तो वैद्य होता कळल्यावर आईने पायाला हात लावून तोच गुडघ्यावर फिरवला, तुम्ही किती हसलात!

आता आईने पडद्याच्या रॉडला तुपाचा डबा बांधलाय. अर्धं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं.