क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

राज्यसंस्थेची दडपशाही आणि राजकीय हिंसा यांवरच्या तुझ्या संशोधनाचा आराखडा मान्य झाल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी अभिनंदन केलं आणि पुढे फारसं बोलले नाही. बाबाही गप्पच होते. आमच्या गप्प राहण्यातून तू नकार वाचलास, असं तुझ्या आवाजावरून जाणवलं. आमचा नकार नाही. आराखडा मी नीट वाचला आहे, समासात पेन्सिलीने खुणाही केल्या आहेत. जे म्हणायचं आहे ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी आकड्यांबद्दल बोलते, कारण आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवल्यामुळे तिथे मला थोडं कळतं. इतर विषयांत माहिती विखुरलेली असते, अपुरी असते. तुमच्या विषयात ती मुद्दाम लपवलेली असते. ज्याने माणसं मारली, त्याच्याच कचेरीत मृत्यूची नोंदवही असते. त्यामुळे हाती आलेल्या प्रत्येक यादीकडे बघताना पहिला प्रश्न हा, की ही यादी कोणी केली आणि तिच्यात कोण येऊच शकलं नसतं.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या माहितीसंचात वर्षभरात लढाईत किमान 25 माणसं मेली, तर तो सशस्त्र संघर्ष धरला जातो. 24 मेली तर त्या वर्षाच्या सारणीत त्याची ओळ नसते. रेषा कुठे तरी ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझ्या आराखड्यात ‘या वर्षांत संघर्ष नव्हता’ असं एक वाक्य आहे. तिथे ‘या व्याख्येत बसणारा संघर्ष नोंदला गेला नाही’ असं लिही. वाक्य लांबेल, लांबू दे.

1 ते 5 अशा श्रेणीत राज्यसंस्थेची दहशत मोजणारी मोजपट्टी तू वापरणार आहेस. तिचा आधार मानवी हक्क संघटनांचे आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याचे वार्षिक अहवाल. अहवाल लिहिणारे गेल्या काही दशकांत जास्त खोलात जाऊ लागले. पूर्वी ज्याकडे दुर्लक्ष व्हायचं त्या मारहाणीचीही आज दखल घेतात. त्यामुळे वागणूक सुधारली तरी श्रेणी जागची हलत नाही, असं होऊ शकतं. ख्रिस्तोफर फॅरिस यांनी 2014 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि त्यावरून बराच वाद झाला. तो वाद तू एका तळटीपेत उरकला आहेस. त्याला एक प्रकरण दे.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. दडपशाही पुरती यशस्वी झाली की मोर्चे थांबतात. मोर्चे नाहीत म्हणून अटका नाहीत, अटका नाहीत म्हणून बातमी नाही. सगळ्यात घाबरलेला प्रदेश कागदावर सगळ्यात शांत दिसतो. तुझ्या सारणीत शून्य आलं की तिथे थांब, ते शून्य कशामुळे आलं ते विचार, आणि मगच पुढच्या ओळीकडे जा.

पेरूचं उदाहरण मी वर्गात शिकवायची, तुला आठवत असेल. 1980 ते 2000 या काळातल्या हिंसाचारात सुमारे 25 हजार माणसं गेली, असं तिथे मानलं जात होतं. सत्यशोधन आयोगाने 2003 मध्ये अंदाज दिला तो 69,280 चा. तो काढायची रीत अशी: वेगवेगळ्या संस्थांनी स्वतंत्रपणे केलेल्या याद्या घ्यायच्या, त्यांत किती नावं सामाईक आहेत ते बघायचं. सामाईक नावं खूप असतील तर बाहेर राहिलेले थोडे. याद्यांची एकमेकींशी फारशी गाठच पडत नसेल, तर कुठल्याच यादीत नसलेले पुष्कळ. ही साधी कल्पना, फक्त गणित बारीक. मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तिथली दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. राजधानीतल्या वाचकांना या माणसांची अनुपस्थिती जाणवली नव्हती, कारण हयात असतानाही ती त्यांच्या नजरेत नव्हती.

त्या अंदाजावरही 2019 मध्ये आक्षेप घेतला गेला. दुसऱ्या रीतीने मोजून सुमारे 48 हजार असा आकडा मांडला गेला, आणि पहिल्या पद्धतीच्या बाजूने उत्तरही आलं. मला हा वाद चांगला वाटतो. मृतांबद्दलचा आदर म्हणून मोठा आकडा धरायचा, ही वृत्ती तुझ्या क्षेत्रातल्या कनवाळू माणसांत दिसते. मला ती अजिबात मान्य नाही. एक चुकीचा आकडा सापडला की खुनी माणसं उरलेल्या सगळ्या आकड्यांना खोटं म्हणायला मोकळी होतात. सीरियाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने 2022 मध्ये काय केलं ते बघ. मार्च 2011 ते मार्च 2021 या दहा वर्षांत 3,06,887 नागरिक मारले गेले असा अंदाज दिला, आणि त्यातल्या 1,43,350 जणांचीच तपशीलवार नोंद हाती आहे हेही तिथेच सांगितलं. किती मोजलं आणि किती अनुमानाने काढलं, दोन्ही वेगवेगळं, उघड. तुझा प्रबंध असा हवा.

आता माणसांकडे येते.

चिलीत लष्करी राजवट असताना 1976 मध्ये कॅथलिक चर्चच्या आश्रयाने एक कचेरी सुरू झाली, ‘विकारिया’ नावाची. पकडून नेलेल्या माणसांचे नातेवाईक तिथे यायचे, वकील कोर्टात अर्ज करायचे, कोर्टं ते जवळजवळ सगळे फेटाळायची. तरीही प्रत्येक अर्जाची प्रत, प्रत्येकाचं टाचणपत्र, म्हणजे माहिती टिपलेलं कार्ड, ती माणसं जपून ठेवत गेली. लोकशाही परत आल्यावर 1990 मध्ये सत्यशोधन आयोग नेमला गेला, तेव्हा हे फेटाळलेले कागद त्याच्या कामाचा मोठा आधार ठरले. पण त्या कचेरीत माहितीचं विश्लेषण बघणारे समाजशास्त्रज्ञ होसे मानुएल पारादा यांना मार्च 1985 मध्ये एका शाळेच्या दारातून उचललं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं प्रेत मिळालं, गळा चिरलेलं. ते टाचणपत्रं लावायचे, नावं आणि तारखा जुळवायचे. त्यांचा अपराध एवढाच. तू जे काम ‘डेटा क्लीनिंग’ म्हणून सहज सांगतेस, तेच हे काम.

मिर्ना माक यांच्याबद्दल तू वाचलंच असशील. ग्वाटेमालातल्या मानववंशशास्त्रज्ञ. लष्कराच्या मोहिमांमुळे गावं सोडून डोंगरात गेलेल्या माया लोकांचा अभ्यास करत होत्या. 11 सप्टेंबर 1990 रोजी कचेरीबाहेर पडताच त्यांना भोसकलं; अंगावर 27 वार होते. त्यांची बहीण हेलेन खटला लढत राहिली. मारेकरी सार्जंटला 1993 मध्ये शिक्षा झाली, पण हेलेन तिथे थांबली नाही, हुकूम देणाऱ्यांपर्यंत गेली, आणि 2003 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ग्वाटेमालाच्या राज्यसंस्थेला जबाबदार धरलं. हेलेनबद्दल वाचताना मी तुझ्या धाकट्या भावाचा विचार केला. इतकंच लिहिते, त्यापुढे मला लिहवत नाही.

जूलिओ रेजेनी तुझ्याच वयाचा होता, 28 वर्षांचा, केंब्रिजमध्ये पीएच. डी. करणारा. कैरोमध्ये स्वतंत्र कामगार संघटनांवर काम करत होता. 25 जानेवारी 2016 रोजी तो नाहीसा झाला, 3 फेब्रुवारीला रस्त्याकडेला त्याचं प्रेत सापडलं, आणि त्याचा अतोनात छळ झाला होता. ज्यांच्याशी तो विश्वासाने बोलत होता त्यांच्यातलाच एक जण त्याच्याबद्दल पोलिसांना कळवत होता, हे नंतर उघड झालं. त्याच्या आईवडिलांना इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही. त्याच्या आईचा फोटो वर्तमानपत्रात आला की मी पान उलटू शकत नाही.

हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तुझ्याकडे परदेशी विद्यापीठाचं ओळखपत्र असेल, परतीचं तिकीट असेल, आणि तुझं काही झालं तर विचारणारं कोणी तरी असेल. रेजेनीला त्याचा उपयोग झाला नाही, पण बहुतेक वेळा होतो. तुला मुलाखत देणाऱ्या बाईकडे यातलं काहीही नसेल. तू निघून आल्यावर ती त्याच गल्लीत राहणार आहे, आणि तू तिच्या घरी कितीदा आलीस हे शेजाऱ्यांनी पाहिलेलं आहे. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या ध्वनिफितींचं प्रकरण तुझ्या आराखड्यात नाही. ते मुळापासून वाच. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मुलाखती 2001 ते 2006 या काळात घेतल्या गेल्या. ‘तुम्ही जिवंत असेपर्यंत हे कोणाला ऐकवणार नाही’ असा शब्द त्यांना दिला होता. त्या शब्दाच्या भरवशावर माणसांनी खून, अपहरणं, सगळं सांगितलं. मग 2011 मध्ये, 1972 साली पळवून मारल्या गेलेल्या एका दहा मुलांच्या आईच्या तपासासाठी ब्रिटिश पोलिसांना त्या फिती हव्या झाल्या. अमेरिकी कोर्टातून समन्स निघालं, वरपर्यंत लढून झालं, आणि काही फिती द्याव्या लागल्या. प्रकल्पाच्या संचालकाशी विद्यापीठाने केलेल्या करारात ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तितपत’ अशी अट होती. मुलाखत देणाऱ्यांनी ज्या कागदावर सह्या केल्या, त्यात ती अट नव्हती.

या प्रकरणात मला दोन्ही बाजू छळतात. त्या दहा मुलांना आपल्या आईचं काय झालं हे जाणून घ्यायचा हक्क होता, तो मी कोणत्याही संशोधनापेक्षा लहान मानणार नाही. आणि शब्द मोडला गेला हेही खरं. या दोन्हींचा मेळ घालणारं उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं कळतं, की हा पेच मुलाखत घेण्यापूर्वीच समोर दिसत होता आणि समोरच्या माणसाला तो दाखवला गेला नाही. तुझ्या संमतीपत्रात ‘माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं वाक्य आहे. ते काढून टाक. तुला ते पाळता येईलच असं नाही. कोर्टाने मागितलं तर काय, विमानतळावर लॅपटॉप घेतला तर काय, हे तिला तिच्या भाषेत, सोप्या शब्दांत आधी सांग. ऐकून ती बोलायला नको म्हणाली तर तुझी एक मुलाखत कमी होईल.

रिक स्कार्स नावाचा पीएच. डी.चा विद्यार्थी 1993 मध्ये अमेरिकेत 159 दिवस तुरुंगात राहिला, कारण ज्यांच्याशी गोपनीयतेच्या बोलीवर बोलला होता त्यांच्याबद्दल तो ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, सांगायला तयार नव्हता. असं धैर्य माझ्या मुलीकडून अपेक्षित करणं मला जड जातं. त्यापेक्षा जे मागितलं जाऊ शकतं ते तुझ्याजवळ असूच नये, हे बरं. खरी नावं लिहूच नकोस. जिथे टिपण पुरतं तिथे आवाज रेकॉर्ड करू नकोस. नाव झाकलं तरी ‘गावातली एकमेव शिक्षिका’ असं लिहिलंस की ती उघडी पडते. लहान वस्तीत वय, जात, धंदा यांतल्या दोन गोष्टी माणूस ओळखायला पुरतात. दुभाषी कोण निवडतेस याचा शंभरदा विचार कर, आणि त्याच्या सुरक्षिततेसाठीही तुझ्या अनुदानात पैसे धर. प्रबंधावर त्याचं नाव नसतं, पण पोलिसांच्या कागदावर पहिलं त्याचंच येतं.

एक मागणी आई म्हणून करते. साक्षी वाचण्याचं काम रात्री करू नकोस, आणि सलग करू नकोस. छळाच्या वर्णनांचं कोडिंग, म्हणजे ठरलेल्या वर्गांत वाटणी, करणाऱ्यांना झोप लागत नाही, स्वप्नं पडतात, पुढे पुढे काहीच वाटेनासं होतं. तुमच्या क्षेत्रात हे आता उघड बोललं जातं, पण प्रत्येक विभागात त्याची सोय असतेच असं नाही. तुझ्या गाईडना स्पष्ट विचार. त्यांनी हात झटकले तर मला सांग, मी त्यांच्याशी बोलणार नाही, पण तू एकटी पडणार नाहीस. आणि ज्या दिवशी वाचून काहीच वाटलं नाही, त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तिथे असताना आपण ठरलेल्या वेळी बोलायचं. ठरल्या वेळेनंतर चोवीस तासांत तुझा निरोप आला नाही, तर आधी कोणाला फोन करायचा, वकिलात कुठली, वकील कोण, विद्यापीठात जबाबदार माणूस कोण, ही यादी निघण्यापूर्वी मला आणि बाबांना दे. बाबांनी ती कुठे ठेवायची हेही ठरवलं आहे. आमच्याशी बोलताना कोणाचं नाव घेऊ नकोस, मी विचारलं तरी.

कोडबुकचा, म्हणजे त्या वर्गांच्या व्याख्यांच्या पुस्तिकेचा, मसुदा तयार झाला की पाठव. ‘बेपत्ता’ आणि ‘अटकेत’ या दोन वर्गांच्या व्याख्या तू एकमेकींत मिसळल्या आहेस असं मला आराखड्यावरून वाटतं. पकडून नेल्याचं सरकारने नाकारलं आणि तीन महिन्यांनी कबूल केलं, तर ते प्रकरण कुठे घालणार? दोन माणसांनी स्वतंत्रपणे कोडिंग केलं तर तिथेच त्यांची उत्तरं सगळ्यात जास्त वेगळी येतील. त्यावर मी पानभर लिहून ठेवलं आहे, मसुदा आला की सोबत जोडून पाठवते.

तुझी,
आई