जिजी आपली कोण होती ते कळलं

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगणार होते पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे अर्धवट ऐकायचं नाहीये म्हणून लिहितेय, आई तू सावकाश वाचून दाखव त्यांना.

मागच्या महिन्यात दादा कोरेगावला तहसीलला जुन्या नोंदी बघायला गेला तेव्हा मी पण सांगलीहून मुद्दाम गेले होते. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, सगळे कोतवाल बुक म्हणतात ते. सगळं मोडीत, आम्हाला एक अक्षर लागेना, मोडी वाचणारे एक काका सोबत घेतले होते ते बोट ठेवून वाचत होते. ऑक्टोबर 1918 च्या पानावर त्यांचं बोट थांबलं आणि म्हणाले, हे तुमचंच घर ना.

एकाखाली एक तीन नोंदी. पणजोबा, पणजी आणि त्यांचा थोरला मुलगा, वय 16. अकरा दिवसांत तिघं. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द, ताप.

बाबा, आपण आजवर काय ऐकत आलो, पणजोबा तिकडे इराकात बसऱ्याच्या लढाईत कामी आले. लढाईला ते गेलेच असणार, आपल्या साताऱ्याची कितीतरी माणसं मराठा पलटणीत होती, एकट्या अपशिंग्यातली 46 माणसं त्या पहिल्या महायुद्धात गेली. पण पणजोबा तिकडे नाही वारले, ते परत आले होते. एवढ्या लांबनं जिवंत घरी आले आणि आपल्या माजघरात तापाने गेले. मानमोडीची साथ होती ती, इन्फ्लुएंझा, जूनमध्ये मुंबईत आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जी दुसऱ्यांदा उसळली ती गावंच्या गावं घेऊन गेली, त्यात त्या वर्षी पावसानेही दगा दिलेला. देशात एक कोटीच्या वर माणसं मेली आणि त्यातली बरीचशी वीस ते चाळीसमधली, कमावती, लेकुरवाळी. म्हणजे म्हातारी आणि पोरं मागे राहिली. आपल्या घरात तर म्हातारंही कोणी नव्हतं.

आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. मग त्यांना मोठं कोणी केलं? हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही याचं मला आता वाईट वाटतं.

त्याचं उत्तर नाशिकला मिळालं. दादा म्हणाला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्ये तिथे आहेत, पूर्वी आपल्यातलं जे कोण गेलं असेल त्याची नोंद त्यांच्या नामावळीत असते. गेलो. गाव सांगितलं, तालुका सांगितला, आडनाव सांगितलं, गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं लांबडं बाड सोडलं आणि पानं उलटत गेले. शके 1847, म्हणजे 1925-26 साल. रामकुंडावर पिंडदानाला आलेली माणसं दोन. एक बाई, उमर 19, आणि सोबत दीर, उमर 9. बाईच्या नावापुढे लिहिलंय, अमक्याची बायको, आणि ते नाव त्या सोळा वर्षांच्या थोरल्या मुलाचं.

आणि बाईचं स्वतःचं नाव, बाबा, आपल्या देवघरातल्या तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे ना तेच. आपण ज्याला जिजीचा तांब्या म्हणतो तो.

म्हणजे जिजी लांबच्या नात्यातली, आश्रयाला आलेली वगैरे काही नव्हती. जिजी तुमची सख्खी चुलती. थोरल्या काकांची बायको. सासरी येऊन किती दिवस झाले असतील कोण जाणे, बाराव्या वर्षी नवरा गेला, सासूसासरे गेले, आणि दोन वर्षांचा दीर कडेवर घेऊन ती त्या घरात राहिली. माहेरी का गेली नाही हे आता सांगणारं कोणी नाही. मला वाटतं पोरगा पिंड द्यायच्या वयाचा व्हायची तिने वाट बघितली आणि मग गावच्या चार माणसांच्या सोबतीने रहिमतपूरला मीटरगेजच्या गाडीत बसली असणार, नऊ वर्षांच्या पोराचा हात धरून.

नोंदीखाली सहीच्या जागी एक छोटं वर्तुळ काढलंय. मी गुरुजींना विचारलं हे काय, तर म्हणाले निशाणी बांगडी. सही न येणाऱ्या शेतकऱ्याची निशाणी नांगर, तशी बाईची बांगडी. बाराव्या वर्षी जिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या तिच्या नावाखाली ती बांगडी आहे आणि वर्तुळ नीट मिळालेलं पण नाही, एका बाजूला उघडं राहिलंय. मी तिथेच रडले. फोटो दादाच्या मोबाईलवर आहे.

बाबा, तुम्हीच एकदा सांगितलं होतं, जिजी गेली तेव्हा आजोबांनी मिशी उतरवली, दहाव्याला तेच बसले आणि गाव म्हणालं एवढं कशाला लांबच्या बाईसाठी, आणि ते कोणाला काही बोलले नाहीत. तुम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे होतात ना. आठवा जरा, ते तिला काय हाक मारायचे, वहिनी का आई? तिच्या हातावर काय गोंदलेलं होतं? मला जे काही आठवेल ते सगळं हवंय, मी लिहून घेणार आहे.

रविवारी पहिल्या एसटीने येतेय. आई, तांब्या चिंचेने घासून ठेव. आणि ट्रंकेतला वंशावळीचा कागद काढून ठेवा, त्यात थोरल्या काकांच्या नावाखाली फक्त निर्वंश लिहिलंय. बाबा, ते तुमच्या हाताने खोडा आणि तिथे तिचं नाव लिहा, हात थरथरत असला तरी चालेल, मी कागद धरते.

तुमची लेक