तुझा शब्द, माझ्या तोंडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही आणि तिसरे तू लिहिले नाहीस, यावरून तुझ्या रागाचा अंदाज येतो. प्रकृती ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो ते एका शब्दापायी, आणि ही गोष्ट तुझ्यावाचून आणखी कोणाला सांगितली तर तो माझ्याकडे काळजीने पाहील.

गेल्या आठवड्यात एका साहित्य महोत्सवाला गेलो होतो. सकाळी दीड तासाची काव्यकार्यशाळा घ्यायची आणि संध्याकाळी कविसंमेलनात तीन कविता वाचायच्या, असे दुहेरी काम होते. म्हणजे दिवसा मास्तर आणि रात्री नट. कार्यशाळेला पंधरा जण होते. गण ओळखायचे ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र फळ्यावर लिहिताच दोघांनी जांभया दिल्या, तेव्हा गणांचा नाद सोडला आणि सगळ्यांना मनाचे श्लोक टाळी देत म्हणायला सांगितले. लघु, गुरू, गुरू असे चार वेळा, ओळीला बारा अक्षरे. ज्यांनी भुजंगप्रयात हे या वृत्ताचे नावही ऐकले नव्हते त्यांचीसुद्धा टाळी एकदाही चुकली नाही. समर्थांनी २०५ श्लोक एकाच चालीत लिहून आपल्यासारख्या वृत्त शिकवणाऱ्यांची केवढी सोय करून ठेवली आहे! मग प्रत्येकाला एकेक ओळ लिहायला लावली. एका मुलाची ओळ अकरा अक्षरांत संपली आणि उरलेले अक्षर वाचकाने मनात धरावे, असे त्याने मला शांतपणे ऐकवले. त्या क्षणी मला कॉलेजातला तू आठवलास.

नमुन्यादाखल मी माझीच ओळ फळ्यावर लिहिली, पुस्तकात आहे तशी: ‘पुराण्या घराला कुलूपे कशाला’. मागच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी हात वर करून ‘लू’ दीर्घ कसा, असे विचारले. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला लेखनाच्या नियमांतच दिलेली आहे, असे सांगून मी सुटलो. त्यांनी ‘लू’ला हात घातला, त्याच ओळीतल्या ‘पुराण्या’ला घातला असता तर मला सुटायला वाट नव्हती.

ते भांडण तुला आठवत असणारच. तू म्हणाला होतास की घर जुने आहे म्हणून कुलूप निरर्थक ठरत नाही, ते रिकामे आहे म्हणून ठरते. ‘रिकाम्या’ लिही, तोही लघु-गुरू-गुरूच आहे, वृत्ताचा काडीइतकाही प्रश्न नाही. आणि मी, तू सुचवलेस एवढ्याच कारणाने, ‘पुराण्या’ ठेवला. वरून सरांसमोर तुला म्हणालो की टीकाकाराने कवीच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात. सर हसले, तू हसला नाहीस, आणि पुढचे चार महिने आपण एकमेकांशी फक्त वहिनींमार्फत बोललो. पुस्तक ‘पुराण्या’सकट छापून आले.

कार्यशाळेत शेवटी मी एक वाक्य सांगितले: चुकीचा शब्द वृत्तात नेमका बसला की तो अधिक धोक्याचा असतो, कारण वृत्त त्याच्यावर पांघरूण घालते. सगळ्यांनी ते लिहून घेतले. वाक्य तुझे आहे. त्या चार महिन्यांच्या आधीच्या शेवटच्या पत्रात तू ते मला लिहिले होतेस, आणि मी ते अनेक वर्षे ठिकठिकाणी माझे म्हणून शिकवत आलो आहे. हा पहिला कबुलीजबाब.

संध्याकाळी माझा क्रमांक नववा होता. आधीच्या कवीने गाऊन टाळ्या मिळवल्या होत्या. (करंदीकर, बापट, पाडगावकर गावोगाव कविता वाचत फिरले ते श्रोत्यांना ऐकण्याची सवय लागावी म्हणून, आणि आपण त्या सवयीचा टाळ्या मोजण्याचा धंदा केला, हे तुझे भाषण मंचावर बसल्या बसल्या पुन्हा पाठ म्हणून झाले.) मी पुस्तक न उघडता म्हणू लागलो. त्या ओळीशी आलो आणि तोंडातून गेले, ‘रिकाम्या घराला कुलूपे कशाला’. टाळी पडली नाही. कोणीतरी ‘अरेरे’ म्हणावे तसा हलका आवाज सभागृहातून आला, आणि मी काय म्हणालो ते मला पुढच्या ओळीवर कळले. इतकी वर्षे ती कविता वाचतो आहे, त्या ओळीला असा आवाज कधी आला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर कार्यशाळेतली एक मुलगी पुस्तकाच्या त्या पानात बोट घालून समोर उभी. “सर, सकाळी फळ्यावर एक होते आणि आता दुसरे वाचलेत. खरी ओळ कोणती?” खरे उत्तर एका वाक्याचे होते. मी तिला पाठभेदांवर व्याख्यान दिले. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो असे बजावले, इथपर्यंत पोहोचलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे हा शब्द तुम्हाला दुसऱ्या कोणी सुचवला होता का?” मी म्हणालो, “नाही, मंचावर आपोआप आला.” तिने उभ्या उभ्या ते वहीत टिपून घेतले.

मी खोटे का बोललो याचा आठवडाभर विचार करतो आहे. तिथे कोणी तुला ओळखत नव्हते, तुझे नाव घेऊन माझे काहीही कमी झाले नसते. कदाचित नरोटीची उपमा नुकतीच माझ्याच तोंडून गेली होती आणि या ताटात नरोटी तुझी नसून माझी आहे हे उच्चारायचे धैर्य झाले नाही. किंवा इतके थोर कारण नसेलही. नुसती खोड असेल. तू म्हणायचास की मला चूक मान्य असते, फक्त ती दाखवणारा माणूस मान्य नसतो.

तू निवृत्त झालास हे उडत उडत कळले. अभिनंदन करावे की सांत्वन, ते ठरवून कळव. धाकटीचे लग्न छान झाले असे ऐकले. आलो नाही त्याबद्दल वहिनी काय म्हणाल्या असतील ते मी समजू शकतो, त्यांना नमस्कार सांग.

आता तातडीचे काम. त्या मुलीने कार्यशाळेचे टिपण तयार करून माझ्याकडे तपासायला पाठवले आहे, ते महोत्सवाच्या स्मरणिकेत छापायचे आहे. अक्षर स्वच्छ आहे आणि तिने काहीही गाळलेले नाही. तुझे वाक्य माझ्या नावावर आहे आणि त्याच्याखाली ‘कवीला योग्य शब्द कधीकधी मंचावर आपोआप सापडतो’ असे लिहिले आहे. लाल पेन घेऊन तीन दिवस बसलो आहे. दोन्ही ठिकाणी तुझे नाव घालू का? तुला चालत नसेल तर ‘एका मित्राने’ असे लिहीन, पण तसे लिहिले तर तू आणखी चार महिने बोलणार नाहीस अशी भीती वाटते. टिपण येत्या सोमवारी परत करायचे आहे, म्हणून या वेळी तरी मी करतो तसा उशीर करू नकोस.

तुझाच,
पुराण्या घराचा मालक

ता. क. ‘कुलूपे’मधला ‘लू’ मात्र दीर्घच राहील. त्यावर वाद घालायचा असेल तर समक्ष ये.