नव्या शिक्षकांचा गौरव फायलीवरून नको, वर्गावरून करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

५ सप्टेंबर जवळ आला की पंचायत समितीत आदर्श शिक्षकांचे प्रस्ताव जमतात. त्यात नोकरीची पहिली चार-पाच वर्षं काढणारा शिक्षक क्वचितच असतो. राष्ट्रीय पुरस्काराला तर किमान १० वर्षांची नियमित सेवा लागते. इकडे विदर्भातल्या धारणी, झरी जामणी, एटापल्ली या आदिवासी तालुक्यांतल्या दोनशिक्षकी शाळेत नवा शिक्षण सेवक १६ हजारांच्या मानधनावर तीन वर्षं काढतो. एका खोलीत दोन-दोन वर्ग, आणि मुलांच्या घरची बोली कोरकू, कोलामी नाहीतर माडिया. त्याचं चांगलं काम याच काळात कुणीतरी पाहायला हवं.

प्रस्ताव मात्र मागवूच नयेत. फायलीत फोटो, कात्रणं आणि प्रमाणपत्रं येतात. शिकवणं येत नाही. शिवाय स्वतःचा प्रस्ताव लिहायला संकोचणारा शिक्षक तिथेच बाद होतो.

त्याऐवजी सेवेच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षातल्या सगळ्यांचे वर्ग पाहावेत. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून पहिली वाचन व गणित पडताळणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हावी. दुसरी मार्चच्या सुरुवातीलाच उरकावी. मोहफुलं पडू लागली की मुलं ती वेचायला जातात आणि जंगलपट्ट्यातला पट विस्कटतो. पडताळणी दुसऱ्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या दुसऱ्या गटाच्या, केंद्रप्रमुखाने करावी. मुलं शिक्षकाने निवडून द्यायची नाहीत. हजेरीपटावरचं दर तिसरं नाव घ्यावं आणि पट २० च्या आत असेल तर सगळीच मुलं तपासावीत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल जुलैत कुठल्या पायरीवर होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं, एवढंच मोजावं; गणितातही तसंच. नुसते मार्चचे गुण पाहिले तर तालुक्याच्या गावची शाळाच दरवर्षी पुढे येईल, कारण तिथली मुलं घरूनच अक्षरं गिरवून येतात.

यात एक पळवाट आहे. पडताळणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवली जातात. म्हणून जुलैच्या यादीतलं मूल मार्चमध्ये गैरहजर दिसलं तर त्याला गाळू नये. आठवड्याभरात पुन्हा जाऊन तपासावं, तरीही भेटलं नाही तर प्रगती शून्य धरावी.

कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, न कळवता एक भेट हवीच. आईबाप वावरात गेले की मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. तिला जो शिक्षक शाळेत टिकवतो, धाकट्यालाही मागच्या बाकावर बसू देतो, त्याचं काम कुठल्याच फायलीत दिसत नाही. त्या दिवशी पट बाजूला ठेवून वर्गातली डोकी मोजावीत.

आणि गौरव कसा करायचा? शाल-श्रीफळाने वर्गाला काही मिळत नाही. त्याच्या शाळेला वाचनाची पुस्तकं आणि शैक्षणिक साहित्य घेण्यापुरती रक्कम द्यावी. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत त्याला तासभर प्रत्यक्ष पाठ घेऊ द्यावा, तोही त्याच्याच शाळेत, त्याच्याच मुलांसमोर.

एक अट मात्र कळकळीने मांडतो. नाव झालेल्या तरुण शिक्षकाला तालुक्याची ऑनलाइन माहिती भरायला, प्रशिक्षणात इतर शिक्षकांना शिकवणारा सुलभक म्हणून, निवडणुकीच्या कामाला, सगळीकडे ओढलं जातं. दोनशिक्षकी शाळेतून एक गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. म्हणून निवड झालेल्या शिक्षकाला पुढचं संपूर्ण वर्ष अशा कामांतून मोकळं ठेवण्याचा लेखी आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांनी निवडपत्रासोबतच काढावा.

आपले,
काही निवृत्त केंद्रप्रमुख, यवतमाळ जिल्हा