मजुरीचा हक्क आणि वसुलीची वाट

पुणे

चि. मैत्रेयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्थलांतरित कामगारांवरील तुझ्या लेखाचा मसुदा सावकाश वाचला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा हॉफमन प्लास्टिक निकाल तू केंद्रस्थानी ठेवलास, हे योग्यच झाले. युनियनच्या बांधणीत भाग घेतला म्हणून एका कामगाराला 1989 मध्ये कामावरून काढले आणि ते काढणे बेकायदा ठरले. तरीही कामाचा परवाना नसताना त्याने दुसऱ्याचा जन्मदाखला दाखवून नोकरी मिळवली होती, या कारणावरून त्याची सुमारे 67 हजार डॉलरची भरपाई पाच विरुद्ध चार मतांनी नाकारण्यात आली. परवाना नसलेला मजूरही कायद्याच्या दृष्टीने कामगारच आहे, हे 1984 च्या शुअर-टॅन निकालाने मान्य केले होते. तो हक्क हॉफमननंतरही उरला. वसुलीची वाट मात्र बंद झाली.

न्यायमूर्तींच्या वैचारिक कलावर तू बरीच पाने खर्च केली आहेस, ती मला अनाठायी वाटतात. कामगार न्यायालयातील वकिलीत मला असे दिसत आले की, मालक निकालातील ताशेऱ्यांना भीत नाही, थकबाकीच्या आकड्याला भितो. हॉफमन निकालातील न्या. ब्रायर यांच्या भिन्नमताचा रोखही हाच आहे: भरपाईची धास्ती गेली की कायदा मोडणे स्वस्त पडते आणि परवाना नसलेलाच मजूर मालकाला सोयीचा वाटू लागतो. हा मुद्दा तू तळटीपेत ढकलला आहेस. तो मजकुरात घे.

एच-टू-ए या अमेरिकेच्या हंगामी शेतीकामाच्या व्हिसावर आलेला शेतमजूर कायदेशीर असूनही एकाच मालकाशी बांधलेला असतो, हे तू नेमके पकडले आहेस. त्याच्या शेजारी आपला ऊसतोड मजूर ठेवून पाहा. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन फडावर आलेल्या जोडप्याने कोणतीही सरहद्द ओलांडलेली नसते, तरी उचल फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही संविधानाच्या कलम 23 खालील वेठ ठरवली. आणि 1983 च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात असे म्हटले की, वेठीचे काम दिसले की ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास मालकाने ते सिद्ध करावे. उचलीची नोंद बहुधा मुकादमाच्या वहीतच असते, मजुराच्या हाती कागद नसतो. म्हणून पुराव्याचा भार असा फिरवणे मला त्या निकालातील सर्वांत व्यवहारी भाग वाटतो. (फडावर तो कितपत पोचला, हा वेगळा आणि खेदाचा विषय आहे.) तिकडची न्यायालये आपले निकाल मानणार नाहीत, हे उघड आहे, परंतु कायदादुरुस्तीची सूचना म्हणून शेवटच्या भागात ते मांडण्यास काय हरकत आहे?

आपल्याकडील या दोन्ही निकालांतील संबंधित परिच्छेदांवर खुणा करून प्रती पाठवतो आहे. सुधारलेला मसुदा छापायला देण्यापूर्वी एकदा मला दाखव.

तुझे,
बाबा