बैलांना पाणी पाजलं का?

त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक
श्रावण वद्य

प्रिय बये,

फोनवर तू तीनदा विचारलंस, "कोण आहे तो?" आणि तिन्ही वेळा मी पावसाचंच बोलत बसले. पण पाऊसही खोटा नाही गं. २०१६ साली रेल्वेनं आलेलं पाणी तांब्या-तांब्यानं मोजून वापरणारे आपण लातूरकर. इथे ब्रह्मगिरी चार-चार दिवस ढगातून डोकं बाहेर काढत नाही आणि माझे ॲप्रन वाळत नाहीत.

तर, तो फौजदार आहे. हसू नकोस.

आषाढात एका रात्री पाड्यावरून एका म्हाताऱ्याला आणलं. बांधावरून भांडण, डोक्यात काठी, पोटात दारू. टाके घातले, एमएलसी म्हणजे पोलीस केस नोंदवून ठाण्याला कळवलं. हा भिजत आला, जबाब घ्यायला. पेशंट जबाब देण्याच्या स्थितीत आहे, असं मी लिहून द्यायचं. मग ह्याचं काम सुरू.

"मॅडम, दोनच प्रश्न."

"साहेब, एकही नाही."

मला वाटलं, आता कुणाचा तरी वरून फोन येणार. आला नाही. कागदाची घडी खिशात घालून तो बाकावर बसला, तो सकाळपर्यंत.

सहाला म्हातारा शुद्धीवर आला तो बैलांच्या नावानं गळा काढतच. ह्यानं आधी पोलीस पाटलाला फोन लावला: "यांच्या बैलांना पाणी पाजा, वैरण टाका आणि मला कळवा." पाटलाचा उलट फोन आला, तेव्हा कुठे पहिला प्रश्न विचारला. बये, मी तिथेच घसरले.

तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. त्याचा बंदोबस्त, माझी प्रथमोपचाराची ड्युटी. पहाटे बूट काढून समोर बसला, दोन्ही तळवे फोडांनी भरलेले. मी ड्रेसिंग करेपर्यंत बसल्या जागी घोरायला लागला. आमचा प्रणय म्हणशील तर एवढाच! नंतर एकदा चौकशी करावी तसं विचारलंन, "सरकारी सेवेचा बॉण्ड संपल्यावर कुठं जाणार?" मी म्हटलं, "जबाब नंतर देते."

आता घोळ असा, की ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण. मग त्याला रजा कसली मिळतेय? आणि सिंहस्थात लग्न करत नाहीत, हे आईला तोंडपाठ. म्हणजे त्याआधीच. बाबांचं तर तुला माहीतच आहे, ठाण्याची पायरी म्हटली की कपाळाला आठी.

दिवाळीत घरी येतेय. सांगायच्या वेळी तू शेजारी बस. 'फौजदार' हा शब्द मात्र तूच उच्चार, बाकीचं मी बघते.

तुझीच,
डॉक्टरीणबाई