मिस्त्रीमामा, स्टिअरिंग झकास बसलंय

उचगाव, ता. बेळगाव

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्टिअरिंग बसवून दिलेला आपला विलीज पिकअप (जुन्या जीपच्याच घराण्यातली मालाची गाडी) रताळ्यांची पोती भरून बेळगावच्या मार्केटला जाऊन आला. गाडी बाबांनीच चालवली. स्टिअरिंग कुठं अडकलं नाही की एका बाजूला ओढलं नाही. फोनवर तुम्हाला हे सांगितलंच, पण आपल्या भागात अजून कितीतरी घरांत जुन्या जीपा उभ्या आहेत. त्यांच्याही कानावर जावं म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

आधीच्या गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगचा कॉलम (हातातल्या चाकापासून खाली जाणारी नळी आणि तिच्यातला शाफ्ट) उघडला आणि काम अर्धवट सोडून सगळे भाग पोत्यात भरून दिले. 1947 ते 1965 या काळात बनलेली गाडी, पार्ट कुठले मिळणार, दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स (कॉलमच्या तळाचा गिअरचा डबा) बसवून टाका, असं जो तो सांगत होता. तुम्ही पोतं ओट्यावर ओतलंत, बेअरिंगचे छर्रेसुद्धा एकेक करून डिझेलमध्ये धुतलेत आणि म्हणालात, "सगळं हाय की. बुश तेवढा गेलाय." तो बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, उद्यमबागेतल्या लेथवर स्वतः उभं राहून करून घेतलात.

पण खरे आभार मानायचेत ते तुम्ही लावलेल्या क्रमाचे. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवलेली, बाजूच्या कव्हरचा स्क्रू पूर्ण ढिला, आणि मग वरच्या कव्हरखालचे शिम. 2 थाव, 3 थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इतके पातळ पत्रे काढत-घालत राहिलात. शाफ्टला वर-खाली प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहता कामा नये, तरी स्टिअरिंग अंगठा आणि एका बोटात हलकं धरून फिरलं पाहिजे. ते माप तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीच्या हातानं घेतलंत. ती आयटीआयला आहे. "हिची बोटं हलकी हाईत, हिला कळतंय," हे तुमचं वाक्य तिनं घरभर सांगितलं.

बाजूचा स्क्रू त्यानंतर, आणि तोही स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून. या रॉस कंपनीच्या बॉक्समध्ये कॅमची (शाफ्टच्या खालच्या टोकाचा आट्यांसारखा भाग) खाच मध्यभागी मुद्दाम उथळ ठेवलेली असते, कारण गाडी सरळ जाताना झीज तिथंच जास्त होते. चाक वळवलेलं असताना स्क्रू आवळला तर मध्यावर आल्यावर त्या खाचेतून सरकणाऱ्या पिना तिथं घट्ट अडकतात. हे कारण आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही कॅम हातात देऊन दाखवलंत.

हॉर्नची वायर, वरचं बेअरिंग, स्प्रिंग हे पटकन झालं. कॉलम डॅशबोर्डखाली धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पपाशी मात्र तुम्ही थांबलात. मी डॅशबोर्डखालचा बोल्ट आवळायला पाना घेतला तर तुम्ही माझा हात धरलात. बॉक्स आधी चासीला पक्का, मग कॉलम मोकळा सोडून त्याला आपली जागा घेऊ द्यायची आणि तो जिथं थांबेल तिथं क्लॅम्प सरकवायचा. क्लॅम्पसाठी कॉलम ओढला की शाफ्टवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं आणि लोक दोष बॉक्सला देऊन तो पुन्हा खोलतात. माझ्या मते सगळ्या कामात मोलाचं ते हेच, आणि घाईच्या कामात आधी सुटतं तेही हेच.

मामा, या वयात तुम्ही गाडीखाली आडवे झालात, आम्हाला शिकवत काम केलंत, एकही प्रश्न उडवून लावला नाहीत. आई, बाबा, आम्ही दोघं, सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

बुशच्या मापांचा कागद लेथवाल्याकडंच ठेवलाय. ज्याला लागेल त्यानं खुशाल न्यावा. आणि शिनोळीच्या एका पाहुण्यांच्या जीपचा कॉलम उघडायचा आहे. शिम बहीणच लावणार म्हणते. तुम्ही नुसतं खुर्ची टाकून शेजारी बसा. न्यायला मी पिकअप घेऊन येतो.

तुमचा,
उचगावचा पिकअपवाला